हॅमॉकसाठी डाऊन अंडरक्विल्ट घरी शिवताना: मापं, क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधायच्या कापडी झोळीत, कितीही चांगली स्लीपिंग बॅग वापरली, तरी पाठीखालचं डाऊन (बदक-हंसाच्या पिसांखालची मऊ लव) अंगाच्या वजनाने चपटं होतं आणि खालून वारा लागतो. म्हणून अंडरक्विल्ट, म्हणजे डाऊन भरलेली रजई, हॅमॉकच्या बाहेर, खालून टांगायची असते. तिच्यावर वजन पडत नाही, डाऊन फुललेलं राहतं.

घरी शिवलेल्या बहुतेक अंडरक्विल्ट शिलाई वाईट म्हणून फसत नाहीत. त्या कापडावर खुणा करतानाच फसलेल्या असतात. आतलं आणि बाहेरचं कापड एकाच मापाचं कापलं, दोन कापडांमधल्या जाळीच्या पडद्या चुकीच्या क्रमाने जोडल्या किंवा डाऊन अंदाजाने भरलं, की मशीन कितीही सफाईने चालवली तरी उपयोग होत नाही. त्यामुळे इथे शिवणापेक्षा आधीच्या तयारीवर जास्त भर आहे.

खालची मापं खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पाऊण लांबीच्या अंडरक्विल्टची आहेत. पायाखाली फोमचा तुकडा टाकावा लागतो. पहिल्यांदा शिवणाऱ्याने पूर्ण लांबीच्या मागे लागू नये. कापड, डाऊन आणि लांब शिवणी, तिन्ही वाढतात आणि चूक झाली तर उसवायलाही तितकंच जास्त लागतं.

1. आधी माप ठरवा

तयार अंडरक्विल्टची आतली बाजू, म्हणजे पाठीकडची, 105 सेमी रुंद आणि 130 सेमी लांब. त्यात लांबीच्या दिशेने 7 खण, म्हणजे डाऊन भरायचे कप्पे. दोन खणांच्या मध्ये जाळीची उभी पडदी, तयार उंची 5 सेमी. 5 सेमी फुगवटा साधारण शून्य अंशाच्या आसपासच्या रात्रीला पुरतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. अंडरक्विल्ट पाठीखाली वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कापड जास्त लागतं. पूर्ण अर्धवर्तुळ धरलं तर जाडीच्या 3.14 पट, म्हणजे 5 सेमी जाडीला 15.7 सेमी. हॅमॉकमधलं वळण अर्धवर्तुळापेक्षा थोडं कमी असतं, म्हणून 14 सेमी धरायचे. सात खणांत वाटले तर दर खणाला 2 सेमी. आतला खण 15 सेमी, बाहेरचा 17 सेमी.

दोन्ही कापडं सारखी ठेवली तर टांगल्यावर बाहेरचं कापड ताणलं जातं आणि डाऊनला आत दाबतं. जमिनीवर पसरल्यावर मस्त फुगलेली दिसणारी अंडरक्विल्ट झाडाला टांगल्यावर निम्मी होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

फक्त सह्याद्रीतल्या डिसेंबर-जानेवारीसाठी शिवत असाल तर 5 सेमी जास्त होतात. 3.5 सेमी पडदी घ्या, बाहेरचा खण 16.4 सेमी ठेवा. पुढची सगळी मापं 5 सेमी पडदीची आहेत, 3.5 सेमीसाठी काय बदलतं ते जागोजागी दिलं आहे.

2. सामान

- डाऊनप्रूफ रिपस्टॉप (सहज न फाटणारं) नायलॉन, 10 ते 20 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप), 150 सेमी पन्हा: 3 मीटर
- पडद्यांसाठी बारीक मच्छरजाळी किंवा हलकी नायलॉन जाळी, 150 सेमी पन्हा: अर्धा मीटर
- 800 फिल पॉवरचं (फिल पॉवर म्हणजे डाऊन किती फुलतं त्याचं माप) डाऊन: 200 ग्रॅम (171 ग्रॅम भरायचे, बाकी हाताशी)
- शंभर टक्के पॉलिएस्टर दोरा: 200 मीटरचं एक रीळ
- 9 किंवा 10 नंबरच्या नव्या सुया: निदान तीन
- 3 मिमी इलॅस्टिक दोरी 7 मीटर, 2.5 मिमी दोरी 3 मीटर, कॉर्डलॉक (दोरी जागीच धरून ठेवणारी क्लिप) 4, टांगायचे छोटे हूक 4
- 1 ग्रॅम अचूकतेचा किचन वजनकाटा, शिवणाच्या क्लिपा, टेलरचा खडू, मीटरभर लांबीची लोखंडी पट्टी

कापड घेताना तोंडाला लावून जोरात फुंका. डाऊनप्रूफ कापडातून हवा अगदी थोडी पलीकडे जाते. सहज गेली तर त्यातून डाऊनही येणार. अजिबातच गेली नाही तर कापडावर कोटिंग आहे, तेही नको. त्यात घामाची वाफ अडकते, शिवाय अंडरक्विल्ट पिशवीत कोंबताना हवा बाहेर पडायला वाट राहत नाही.

सुती दोरा वापरू नका. तो ओल धरतो आणि या कापडाच्या मानाने लवकर कुजतो.

जुन्या जॅकेटमधलं किंवा स्लीपिंग बॅगमधलं डाऊनही चालतं, पण ते साधारण 650 फिल पॉवरचं धरा आणि वजन त्याप्रमाणे वाढवा. उशीत भरतात ती पिसं मात्र वेगळी. मूठभर हातात घेऊन चोळा. कडक दांडे बोटांना टोचले तर ते डाऊन नव्हे, पिसं आहेत. ती फुलत नाहीत आणि दांडे कापडातून बाहेर येतात.

3. कापणी आणि खुणा

चौफेर 1 सेमी मार्जिन धरून:

- आतलं कापड: 107 × 132 सेमी
- बाहेरचं कापड: 121 × 136 सेमी
- जाळीच्या पट्ट्या: 130 × 7 सेमी, सहा नग
- नेफ्याच्या पट्ट्या: 134 × 6 सेमीच्या दोन, 109 × 6 सेमीच्या दोन (कापडाच्या उरलेल्या पन्ह्यातून निघतात)

3.5 सेमी पडदीसाठी बाहेरचं कापड 117 × 134 आणि जाळीची पट्टी 5.5 सेमी उंच.

बाहेरचं कापड लांबीलाही 4 सेमी जास्त आहे. दोन्ही टोकांना अंडरक्विल्ट बारीक होत शून्यावर यायला हवी, म्हणून जाळीच्या पट्टीची एक कड तिरकी कापायची असते. पट्टीच्या प्रत्येक टोकाला शेवटच्या 6 सेमीत उंची 7 वरून 2 सेमीवर आणा. दुसरी कड सरळच ठेवा. ही तिरपी कड सरळ अंतरापेक्षा जवळजवळ 2 सेमी लांब भरते, दोन टोकांचे मिळून 4. सरळ कड आतल्या कापडाला लागणार, तिरकी बाहेरच्या.

जाळी कापण्याआधी दोन्ही दिशांना ताणून बघा. कमी ताणते ती दिशा पट्टीच्या लांबीला घ्या. उलट झालं तर शिवताना पट्टी लांबत जाते आणि शेवटी चार-पाच सेमी उरते.

आता खुणा. नायलॉनची एक बाजू चकचकीत असते, ती आत, डाऊनकडे ठेवायची. खुणा त्याच बाजूला, खडूनेच करा. पेनची शाई पातळ कापडातून पलीकडे उतरते.

आतल्या कापडावर डाव्या कडेपासून: 16, 31, 46, 61, 76, 91 सेमी.
बाहेरच्या कापडावर: 18, 35, 52, 69, 86, 103 सेमी.
(3.5 सेमी पडदी असेल तर बाहेर: 17.4, 33.8, 50.2, 66.6, 83, 99.4.)

प्रत्येक माप कडेपासूनच घ्या. एका रेषेपासून पुढची रेषा मोजत गेलात तर प्रत्येक वेळची मिलीमीटरभर चूक साठत जाते आणि शेवटचा खण वेडावाकडा होतो. रेषा झाल्या की प्रत्येक रेषेचा मध्य दोन्ही कापडांवर आणि पट्ट्यांवर खुणेने दाखवा. एका टोकाला ‘डोकं’, दुसऱ्या टोकाला ‘पाय’ असं लिहा. पट्ट्यांवरही 1 ते 6 आकडे टाका.

तपासा: सहाव्या रेषेपासून उजव्या कडेपर्यंत आतल्या कापडावर 16 सेमी, बाहेरच्यावर 18 सेमी (3.5 सेमी पडदीत 17.6) उरलं पाहिजे. उरत नसेल तर पुसून पुन्हा आखा.

4. मशीन लावणं

उरलेल्या कापडाच्या एका थरावर जाळीचा तुकडा ठेवून शिवून बघा. टाका 2.5 ते 3 मिमी. त्याहून बारीक टाके घातले तर या कापडावर टपाल तिकिटांच्या कागदासारखी भोकांची रांग तयार होते आणि ताण आला की तिथेच फाटतं. चुण्या पडत असतील तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं थोडं सैल करत जा. टेन्शन बरोबर असूनही कापडातला एखादा धागा ओढला जात असेल तर सुई बोथट झाली आहे, बदला.

बॉबिन पूर्ण भरा आणि दुसरी भरून तयार ठेवा. पडदी शिवताना मध्येच बॉबिन संपली तर त्या जागी दोनदा शिवावं लागतं, म्हणजे दुप्पट भोकं.

सावधान: टाचण्या फक्त 1 सेमीच्या मार्जिनमध्ये. खणाच्या मधल्या भागात टाचणी टोचली तर ते भोक कायमचं राहतं आणि डाऊन तिथून वाट काढतं. शक्य तिथे क्लिपाच वापरा.

5. पडद्या: आधी सगळ्या आतल्या कापडाला

आतलं कापड चकचकीत बाजू वर करून टेबलावर पसरा. पट्टी 1 ची सरळ कड रेषा 1 वर आणा, मध्याला मध्य जुळवा. शिवण रेषेवर बसेल आणि पट्टीची कड रेषेपलीकडे 1 सेमी राहील, अशी ठेवा. कापडाच्या दोन्ही टोकांना 1 सेमी मार्जिन मोकळं सुटलं पाहिजे. मध्यापासून एका टोकाकडे शिवा, मग परत मध्याकडे येऊन दुसऱ्या टोकाकडे. एका टोकापासून सरळ दुसऱ्यापर्यंत गेलात तर मशीनचे दात खालचं कापड वरच्या जाळीपेक्षा वेगळ्या गतीने ओढतात आणि टोकं जुळत नाहीत. प्रत्येक टोकाला तीन-चार उलट टाके.

सहाच्या सहा पट्ट्या अशाच लावा. सगळ्यांचं मार्जिन एकाच दिशेला, म्हणजे अजून न शिवलेल्या बाजूला.

बाहेरच्या कापडाला अजून हात लावायचा नाही. एक पडदी दोन्ही कापडांना जोडून मग पुढच्या पडदीकडे जायचा मोह होतो. तसं केलं की दुसऱ्या-तिसऱ्या पडदीनंतर आतली रेषा टेबलावर सपाट पसरता येत नाही आणि शिवण रेषेवरून घसरतं.

6. मग बाहेरच्या कापडाला, कडेपासून क्रमाने

बाहेरचं कापड चकचकीत बाजू वर ठेवून पसरा. त्यावर आतलं कापड, पट्ट्या खाली करून. दोघांचं ‘डोकं’ एकाच बाजूला आहे ना, बघा. पट्टी 1 ची तिरकी कड बाहेरच्या रेषा 1 वर आणा. इथे तीन जागा जुळवायच्या: मध्य, आणि पट्टी जिथे तिरकी व्हायला लागते ती दोन ठिकाणं. मध्यापासून तिरकेपणाच्या सुरुवातीपर्यंत 59 सेमी. बाहेरच्या कापडावर ती खूण आधीच करून ठेवा.

पुन्हा मध्यापासून टोकांकडे शिवा. पट्टी 1 झाली की शिवलेला खण सैल गुंडाळून सुईच्या डावीकडे ठेवा आणि पट्टी 2 घ्या. क्रम 1 ते 6, मधली पट्टी सोडून पुढची नाही. मधली राहून गेली तर ती दोन बंद खणांच्या मध्ये अडकते आणि तिथे मशीन पोचत नाही.

तपासा: सहावी झाल्यावर एका टोकातून प्रत्येक खणात हात घालून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पट्टी पिळली असेल किंवा शिवण सुटलं असेल तर आत्ताच कळेल. हे सगळं डाऊन भरल्यावर दुरुस्त करता येत नाही.

7. लांब बाजू, एक टोक आणि तीन नेफे

दोन्ही लांब बाजूंच्या कडा एकावर एक ठेवून 1 सेमीवर शिवा. बाहेरचं कापड इथे 4 सेमी जास्त आहे, म्हणून दोन्ही कोपऱ्यांपासून सुमारे 6 सेमीवर प्रत्येकी 2 सेमी गिळणारी एकेक चुणी घ्या. (3.5 सेमी पडदीत इथे एकूण 2 सेमीच जास्त असतं, चुणी प्रत्येकी 1 सेमीची.)

मग पायाकडचं टोक. इथे दर खणाला बाहेरचं कापड 2 सेमी जास्त आहे. प्रत्येक खणाच्या मध्यावर 2 सेमीची (3.5 सेमी पडदीत 1.4 सेमीची) एक चुणी, सगळ्या एकाच दिशेला, क्लिपा लावून. पडद्यांच्या शिवणी समोरासमोर आल्या पाहिजेत. सगळी जादा लांबी एका कोपऱ्यात ढकलू नका. तिथे डाऊनशिवाय कापडाचा गोळा होतो आणि उरलेलं टोक ताणलेलं राहतं.

कडेची शिवण दुहेरी घाला, मार्जिन 5 मिमीपर्यंत कापा. नेफ्याच्या पट्टीची टोकं आत दुमडून शिवून घ्या, कारण दोरी तिथूनच बाहेर येणार. पट्टीची एक कड शिवणीवर लावा, दुसरी 1 सेमी दुमडून कच्च्या कडेवरून पलीकडे आणा आणि शिवणीच्या रेषेवरच शिवा. तयार नेफा सुमारे 2 सेमी रुंद होतो आणि 3 मिमी दोरी सहज सरकते. तीन बाजूंचे नेफे आत्ताच करून टाका. डाऊन भरल्यावर मशीनखाली फुगीर कापड सांभाळावं लागतं, म्हणून त्या वेळेसाठी एकच बाजू ठेवायची.

8. डाऊन मोजणं आणि भरणं

800 फिल पॉवर म्हणजे एका औंसात 800 घनइंच, ग्रॅमला साधारण 462 घनसेंटिमीटर. मधल्या खणाची सरासरी रुंदी 16, उंची 5, आणि टोकांची निमुळती जागा वजा करून लांबी 124 सेमी. गुणाकार 9920, म्हणजे साडेएकवीस ग्रॅम. त्यात 25 टक्के जास्त धरा. खण पडदीच्या उंचीपेक्षा मध्ये जास्त फुगतो, शिवाय रात्रीच्या दमटपणाने डाऊन थोडं बसतं. त्यासाठी ही वाढ.

- मधले पाच खण: प्रत्येकी 27 ग्रॅम
- कडेचे दोन खण: प्रत्येकी 18 ग्रॅम (एका बाजूला पडदी नसल्याने ते पाचरीच्या आकाराचे असतात)
- एकूण 171 ग्रॅम

650 फिल पॉवर असेल तर 33 आणि 22 ग्रॅम. 3.5 सेमी पडदीला, 800 च्या डाऊनमध्ये, 18 ते 19 आणि 12 ते 13 ग्रॅम.

जागा बाथरूमची. पंखा बंद, खिडकी बंद, भिंती आणि फरशी किंचित ओली, पण काम करायची जागा आणि तुमचे हात कोरडे. फ्लीसचे किंवा लोकरीचे कपडे घालू नका, डाऊन त्यांना चिकटून बसतं.

मुठीतलं डाऊन काट्यावर ठेवून मोजायला गेलात तर ते उडतं. उलटं करा. डाऊनची पूर्ण पिशवी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, मग पिशवीतून मूठ मूठ काढून खणात घाला. काटा उणे 27 दाखवेल तेव्हा तो खण झाला. मूठ पिशवीतच घट्ट दाबा, हात कोपरापर्यंत खणात घाला, आत गेल्यावरच सोडा. अर्धं डाऊन पायाकडच्या टोकापर्यंत पोचवा, उरलेलं मध्ये.

खण भरला की तोंडापासून 10 सेमीवर क्लिपा लावून बंद करा आणि कोपऱ्यावर खडूने वजन लिहा. हे लिहिणं टाळू नका. चौथ्या-पाचव्या खणाला कोणता भरला आणि कोणता नाही हे हाताला नीट कळत नाही, आणि एखादा खण दोनदा भरला जातो.

सावधान: सगळे खण भरून होईपर्यंत तोंड शिवू नका. आधी उजेडासमोर धरा. एखादा खण इतरांपेक्षा उजळ दिसला तर तिथे डाऊन कमी आहे किंवा एका टोकाला साठलं आहे. हलक्या हाताने थापटून पसरा, तरी कमी वाटलं तर उरलेल्या साठ्यातून 2 ग्रॅम वाढवा.

9. शेवटचं टोक

क्लिपा न काढता तोंडाकडच्या कडा ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या. शिवणीत डाऊनचा एक तंतू जरी अडकला तरी पुढे तिथून बाकीचं बाहेर येत राहतं. पायाकडच्यासारख्याच चुण्या, दुहेरी शिवण, नेफा. सगळं शिवून झाल्यावरच आतल्या क्लिपा काढा.

शिवणीतून एखादा तंतू बाहेर डोकावला तर उपटू नका. आतल्या बाजूने कापड चिमटीत धरून तो परत आत ओढा. उपटला की त्याच्यामागे दुसरा येतो.

10. दोऱ्या आणि पहिली टांगणी

लांब बाजूंच्या नेफ्यांतून प्रत्येकी साडेतीन मीटर इलॅस्टिक दोरी, दोन्ही टोकांना हूक. हूक हॅमॉकच्या टोकांच्या लूपमध्ये अडकतात. आखूड बाजूंच्या नेफ्यांत दीड-दीड मीटर साधी दोरी, दोन्हीकडे कॉर्डलॉक. दोरी लगेच कापू नका, आधी झोपून बघा.

हॅमॉकमध्ये तिरपे झोपा आणि दुसऱ्या कोणाला तरी हॅमॉक आणि अंडरक्विल्ट यांच्यामध्ये हात घालायला सांगा. हात दोन्हीकडे कापडाला टेकला पाहिजे, पण दबता कामा नये. मोकळी जागा असेल तर इलॅस्टिक आखडा. हात दबत असेल तर सैल करा, कारण तिथे डाऊनही दबतंय. एकटे असाल तर झोपल्या झोपल्या कमरेच्या बाजूने स्वतःच हात खाली घालून बघता येतं, पण खांद्यांखालची जागा तशी नीट कळत नाही.

टोकांच्या दोऱ्या एवढ्याच ओढा की कड हॅमॉकला लागेल. जास्त आवळल्या तर अंडरक्विल्ट मध्ये खाली झोळीसारखी लोंबते आणि पाठीखाली थंड हवेचा कप्पा तयार होतो. ‘डाऊन कमी पडलं’ अशी तक्रार असते तेव्हा पहिल्यांदा हा ताण तपासा.

ताण बरोबर बसला की इलॅस्टिकवर गाठीची जागा खुणेने ठरवा आणि जादा दोरी कापून टोक लायटरने वितळवा. हे अंडरक्विल्टपासून लांब जाऊन करा, 10 डेनियर नायलॉनला ठिणगी पुरते.

11. सांभाळणं

सह्याद्रीत थंडीतही पहाटे दव पडतं, म्हणून वर टार्प (ताडपत्रीसारखं हलकं छत) हवाच. सकाळी घडी करण्याआधी अर्धा तास उन्हा-वाऱ्यात टांगा. घरी आल्यावर छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली पसरा आणि खणांवरून हात फिरवा. गुठळ्या लागल्या तर डाऊन आतून दमट आहे, बोटांनी मोडत पूर्ण कोरडं होईपर्यंत पसरून ठेवा.